सिनेमा संपल्यावर आपण काय बोलतो?

आगरदांड्याहून आम्ही सगळ्याजणी बोलतोय. मागून पावसाचा आवाज येत असेल, तेवढा सांभाळून घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे तुम्हाला माहीत आहेच. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, समोर दिघीचा किनारा धुक्यात गेलेला. टोपली घेऊन बाजार गाठायची घाई नसते. पैशाची ओढाताण असते, पण संध्याकाळी थोडा वेळ हातात असतो. त्या वेळात आम्ही आठ-दहा जणी एकीच्या घरी जमतो आणि सिनेमा बघतो. कधी टीव्हीवर लागलेला, कधी कुणाच्या मुलाने मोबाईलवरून टीव्हीला जोडून दिलेला. हाताला काम असतंच. कुणी सुकट निवडते, कुणी वाल सोलते. पण डोळे पडद्यावर.

सिनेमा संपला की काय होतं? "मस्त होता." "रडवलंन गो." "टाइमपास आहे." एवढं बोलून आम्ही उठायचो. कुणाला भात लावायचा, कुणाला पोराला झोपवायचं. बरीच वर्षं असंच चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि सिनेमा संपल्यावर आपण काय बोलतो याचा आम्हाला नीट विचार करावा लागला. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

त्या संध्याकाळी

त्या दिवशी 'सैराट' लागला होता. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१६ साली आला. आमच्यातल्या बहुतेकींनी तो आधी पाहिला होता, तरी परत बसलो. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची बघायला सगळ्यांनाच आवडतं. पुढे ती आणि परश्या हैदराबादला पळून जातात, कष्ट करून संसार उभा करतात, मूल होतं. शेवटी माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन दारात येतात आणि दोघांना मारून टाकतात. तेवढं लहान बाळ उरतं. त्या शेवटाला आवाजच नाही. गाणं नाही, रडणं नाही. आमच्या खोलीतही कुणी बोलेना.

मग आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकी म्हणाल्या, "आईबापाच्या तोंडाला काळं फासल्यावर दुसरं काय होणार?" दुसरी म्हणाली, "पोरीनं आधी विचार करायला हवा होता." तिसरीने मान डोलावली. खोटं कशाला सांगा, आमच्यातल्या पुष्कळ जणींनी मान डोलावली. दाराशी आमच्यातल्याच एकीची अकरावीतली मुलगी बसली होती. ती उठून आत गेली. झोप आली असेल, असं आम्हाला वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी त्या मुलीने कॉलेजला जायचं नाही असं घरी सांगितलं. कारण विचारलं तर अभ्यास जमत नाही म्हणाली. आईने रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी आमच्यातल्या एका ताईजवळ ती बोलली. एक मुलगा रोज येण्याजाण्याच्या वाटेवर मागे यायचा, फोन नंबर मागायचा, फोटो काढायचा. दोन महिने हे चाललं होतं. ताईने विचारलं, "अगो, मग आईला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या त्या दिवशी काय बोललात ते मी ऐकलं ना. आईने पण मान हलवली. पोरीचीच चूक, असंच म्हणाली असती."

मैत्रिणींनो, ते ऐकून आम्ही गप्प झालो. आर्ची तर प्रेमात पडली होती. या मुलीने काहीच केलं नव्हतं. पण तिने आमच्या बोलण्यातून एकच गोष्ट उचलली: मुलीच्या बाबतीत काहीही घडलं तरी या घरात दोष मुलीलाच लागणार. त्यापेक्षा शिक्षण सोडलेलं बरं, असा हिशेब त्या पोरीने मनात करून टाकला होता.

मत दोन गोष्टींबद्दल असतं

यातून आम्हाला जे समजलं ते साधं आहे. सिनेमाबद्दल बोलताना आपण एकाच वेळी दोन गोष्टींबद्दल बोलत असतो. एक, सिनेमा कसा आहे. काम कसं केलंय, गाणी कशी आहेत, गोष्ट पटते की नाही. दुसरी, आपण स्वतः काय बरोबर मानतो आणि काय चूक. दुसरी गोष्ट आपण सांगतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. ऐकणाऱ्याच्या मात्र बरोबर लक्षात येतं.

घरातली मुलं तर ते फारच नीट ऐकतात. आपल्याला सरळ प्रश्न विचारायची त्यांना भीती वाटते. "मला कुणी त्रास दिला तर तू माझ्या बाजूने उभी राहशील का?" असं कुठली मुलगी विचारते? पण पडद्यावरच्या मुलीबद्दल आपण काय म्हणतो, यावरून ती उत्तर काढते. मुलगेही काढतात. नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, ती नको म्हणते तरी गाणं म्हणत राहतो, आणि आपण हसून "किती गोड" म्हणतो. शेजारी बसलेला तेरा वर्षांचा मुलगा त्यातून काय शिकतो, याचाही विचार करायला हवा.

म्हणून मत द्यायचंच नाही का? तसं नाही. उलट अधिक द्यायचं, पण कारणासकट. "पोरीची चूक" हे मत झालं. "का?" असं विचारलं की बोलणं सुरू होतं.

बोलायचं कसं?

त्यानंतर आम्ही काही सवयी लावून घेतल्या. लिहून ठेवलेले नियम नाहीत, पण उपयोगी पडतात.

पहिली सवय म्हणजे एक जागा सांगायची. "सिनेमा आवडला" म्हणण्याऐवजी कुठली जागा मनात राहिली ते सांगायचं. उदाहरणार्थ, 'लापता लेडीज'. किरण राव यांचा हा हिंदी सिनेमा २०२४ साली आला. घुंघटामुळे रेल्वेत दोन नवऱ्यामुलींची अदलाबदल होते, अशी गोष्ट. आमच्यात कुणाला स्टेशनवर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजू माई आवडल्या, कारण त्या फूल नावाच्या भाबड्या मुलीला कामाला लावतात आणि तिच्या हातात तिच्या कष्टाचे पैसे पडतात. एकीला मात्र वेगळीच जागा लागली. जया त्या घरात भाजीचं कौतुक करते आणि सासूबाईंना स्वतःला काय आवडतं हेच आता आठवत नाही, ती जागा.

आम्ही तिथेच सगळ्यांना विचारलं, "तुला काय खायला आवडतं?" एकजण चटकन म्हणाली, "मांदेलीचं कालवण." मग थांबली आणि म्हणाली, "नाही, ते ह्यांना आवडतं." बराच वेळ आठवून मग म्हणाली, "मला कडव्या वालाचं बिरडं." शेजारच्या चाची हसून म्हणाल्या, "माझं तर अजून आठवतंय, देवा शप्पथ सांगते थोड्या वेळाने." आम्ही सगळ्या हसलो, पण घरी जाताना प्रत्येकीच्या डोक्यात तोच प्रश्न होता. आपल्याला काय आवडतं हे सांगता येणं हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे. सिनेमापासून ती सुरू करणं सोपं, कारण तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरी सवय म्हणजे "चूक कुणाची?" याआधी "ठरवत कोण होतं?" हे विचारायचं. 'सैराट' आम्ही पुन्हा बोलायला घेतला तेव्हा हाच प्रश्न विचारला. दारात येऊन मारायचं कुणी ठरवलं? आर्चीने? परश्याने? ती दोघं तर भाड्याच्या घरात राहून कामावर जात होती, माहेरी फोन करत होती. जात वेगळी म्हणून जीव घ्यायचं ठरवलं ते दुसऱ्यांनी. असं एकेक पाऊल मागे गेल्यावर काकीसुद्धा म्हणाल्या, "मारणाऱ्याचं नावच घेतलं नाही आपण त्या दिवशी." पळून जाणं त्यांना आजही पटत नाही. ते त्यांचं मत आणि त्या ते सांगतात. पण पळून जाणं न पटणं वेगळं आणि मारण्याला "दुसरं काय होणार" म्हणणं वेगळं. हा फरक बोलल्याशिवाय कळत नाही.

तिसरी सवय म्हणजे आपण कुणाच्या जागेवरून बघतोय ते सांगायचं. २०२४ सालीच 'नाच गं घुमा' आला. नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी कामाला येणाऱ्या आशाताई यांची ही गोष्ट. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांनी ही कामं केलीत. आमच्यात अंगणवाडीत जाणाऱ्या ताईंना राणीची धावपळ आपली वाटली. पर्यटकांच्या घरगुती खाणावळीत भांडी घासणाऱ्या दोघींना मात्र आशाताईंबद्दल बोलायचं होतं. "उशीर झाला की आम्हाला पण असंच ऐकावं लागतं, पण उशीर का झाला ते कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या. सिनेमा एकच, पण बसायच्या जागा दोन. यात कुणाचंच मत चुकीचं नाही. एकमेकींचं ऐकलं तर सिनेमा दुप्पट दिसतो.

चौथी सवय म्हणजे न पटणाऱ्या बाईला गप्प बसवायचं नाही. आम्ही हसणं बंद केलं. "तुला काय कळतंय सिनेमातलं" हे वाक्यही बंद. सिनेमा कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. समुद्र बघून वारा ओळखणाऱ्या बायका आपण, पडद्यावरचा माणूस खरं बोलतोय की नाटकी, हे आपल्याला कळतंच.

मालिकांचं थोडं वेगळं

मालिका सिनेमासारखी दोन-अडीच तासांत संपत नाही. ती वर्षानुवर्षं घरात राहते, म्हणून आपलं मतही तिच्याबरोबर बदलत जातं. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ पर्यंत चालली. मूळ बंगाली मालिकेवरून ती बेतलेली होती. सुरुवातीला घरासाठी राबणाऱ्या अरुंधतीबद्दल आमचं एकमत होतं, "बिचारी." नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध उघडे पडले तेव्हाही एकमत होतं. पण तिने घटस्फोट घेतला, स्वतःच्या पायावर उभी राहिली, पुढे दुसरं लग्न केलं, तेव्हा आमच्यात फूट पडली. बाईने सोसलं तोवर ती सगळ्यांची लाडकी होती. तिने स्वतःसाठी काही मागितल्यावर "अति झालं" म्हणणाऱ्या वाढल्या. आम्ही हे एकमेकींना बोलून दाखवलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं.

मालिका बघताना आणखी एक लक्षात ठेवायचं. ती जितकी जास्त घरांत बघितली जाते तितक्या तिला जाहिराती मिळतात. म्हणून भांडण लांबतं, एकच धक्का तीन वेळा दाखवतात, आणि गोष्ट ऐन मोक्यावर उद्यावर ढकलतात. हे माहीत असलं की आपण त्यात वाहून जात नाही. "हे मला पटलं" आणि "हे मला अडकवून ठेवायला केलंय" यातला फरक ओळखता येतो.

आधीही असं झालंय

घरी पाहिलेल्या गोष्टीवर बोलायची ही रीत आम्ही शोधून काढलेली नाही. तुमच्यातल्या मोठ्या बायकांना 'हम लोग' आठवत असेल. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका. दर भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार पडद्यावर यायचे आणि त्या दिवशीच्या प्रसंगाबद्दल प्रेक्षकांशी बोलायचे, प्रश्न विचारायचे. तेव्हा टीव्ही गल्लीत एखाद्याकडेच असायचा, म्हणून बघणंही एकत्र आणि बोलणंही एकत्र. लोकांनी त्या मालिकेला लाखोंनी पत्रं लिहिली.

रेडिओचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं. १९९६ साली आकाशवाणीवर हिंदीत 'तिनका तिनका सुख' नावाची मालिका लागायची. तिच्यात हुंड्यापायी एका नव्या नवरीचा जीव जातो. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावात लोक ती ऐकायचे आणि त्यावर आपसात बोलायचे. बोलता बोलता त्यांनी एक मोठं पत्र तयार केलं: आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. त्या पत्राखाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. अभ्यासक नंतर त्या गावात गेले. सगळं गाव एका रात्रीत बदललं असं काही झालं नव्हतं. वाद होते, मागे हटणारेही होते. पण ज्या विषयावर तोंड उघडायची सोय नव्हती त्यावर लोक बोलू लागले होते. नुसतं ऐकून हे घडलं नसतं. ऐकल्यावर एकमेकांशी बोलले म्हणून घडलं.

आपल्याकडेही वेळ येते तेव्हा हे आपोआप घडतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, वीज गेली ती किती दिवस आली नाही. त्या अंधारात आम्ही मुलांना सिनेमे तोंडी सांगायचो. 'श्वास' सांगितला होता. संदीप सावंत यांचा हा २००४ सालचा सिनेमा, उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. कोकणातले आजोबा नातवाला शहरात नेतात. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे ऑपरेशननंतर त्याची दृष्टी जाणार असते. ते त्याला आधी सांगायचं की नाही, हा मोठ्यांपुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात, सांगायलाच हवं. गोष्ट ऐकता ऐकता एका मुलाने मध्येच विचारलं, "आपली होडी फुटलीय का? मला कुणी सांगत नाही." त्याच्या घरच्यांनी ते त्याच्यापासून लपवलं होतं. त्या रात्री त्याला खरं सांगितलं.

आता प्रत्येकाच्या कानात वेगळं

आताची अडचण वेगळी. घरात चार माणसं, चार मोबाईल, चार ठिकाणी कानात वायरी. कोण काय बघतं ते कुणालाच माहीत नसतं. टीव्हीचा रिमोट बहुतेक घरांत अजून पुरुषांच्या हातात, म्हणून बायका आणि मुली मोबाईलवर. याला उपाय म्हणून मुलीच्या हातातून मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "काय बघतेस? मला पण सांग गोष्ट." तपासायला बसू नका, ऐकायला बसा.

लहान मुलं असतील तर सुरुवातीला पडद्यावर येणारं प्रमाणपत्र बघत जा. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी. 'ए' म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. 'यूए' म्हणजे मुलांनी आईवडिलांच्या देखरेखीखाली बघावं. २०२३ च्या कायदादुरुस्तीने या 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले आहेत. मोबाईलवरच्या मालिकांवरही असे आकडे असतात. आकडा बघून सगळंच कळत नाही, पण शेजारी बसायचं की नाही ते ठरवता येतं.

आणि ती मुलगी?

ती मुलगी कॉलेजात जाते आहे. ताईने तिच्या आईशी बोलणं केलं, आई रडली, मग दोघी कॉलेजात जाऊन शिक्षकांना भेटल्या. पुढचा आठवडाभर तिच्याबरोबर रोज चालत कोण गेलं माहीत आहे? त्याच काकी. हातात छत्री, डोक्यावर पदर. तो मुलगा एकदा दिसला, काकींनी त्याला नावानिशी हाक मारली आणि त्याच्या आजीची चौकशी केली. परत तो त्या वाटेला आला नाही. दर वेळी इतकं सोपं होईल असं नाही. म्हणून हे दोन क्रमांक लिहून ठेवा: १०९८ हा मुलांच्या मदतीसाठी, ११२ हा तातडीच्या मदतीसाठी.

त्या मुलीने नंतर काकींना विचारलं, "आता आर्चीबद्दल काय वाटतं?" काकी म्हणाल्या, "पळून गेली ते नाहीच पटत मला. पण माझ्या दारात आली असती तर जेवायला वाढलं असतं."

आता तुमची पाळी. या आठवड्यात घरी जे बघाल त्यातली एक जागा आम्हाला कळवा. पत्राने कळवा, फोनवर सांगा, नाहीतर बाजारात भेटलात तर तोंडी सांगा. "छान होता" एवढंच नको. कुठली जागा, का आवडली किंवा का नाही पटली, आणि तुम्ही ते बोललात तेव्हा शेजारी कोण बसलं होतं, तेही सांगा. पुढच्या वेळी तुमची मतं वाचून दाखवू. तोवर आगरदांड्याच्या आम्हा सगळ्यांचा नमस्कार.